मोतद्दाराचा हात

घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कसलेही साधन चालवू नये, तिथे केस वळतील त्या दिशेने नुसता हात फिरवावा. हा नियम झेनोफनने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात लिहून ठेवला. झेनोफन सॉक्रेटिसचा शिष्य होता, पण घोड्यांवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथाला वास येतो तो तबेल्याचाच. खरारा डोक्यापासून आणि आयाळीपासून सुरू करावा, कारण वरचे अंग मळके ठेवून खालचे घासणे फुकट आहे. पाय रोज धुऊ नयेत, खुरांना ओल बाधते. पोटाखाली फार घासू नये, घोड्याला ते आवडत नाही. आणि तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या भरून मुठीत मावतील असे गोल दगड पसरावेत. एकेक दगड ग्रीकांच्या एका मीना वजनाचा, म्हणजे आपल्या साधारण अर्ध्या किलोचा. खरारा चालू असताना माश्या उठवतात, घोडा पाय आपटतो, जागा बदलतो आणि तेवढ्यात त्याच्या खुरांचा चालल्यासारखा व्यायाम होतो.

हे दगड मला फार महत्त्वाचे वाटतात. दुखापतीतून उठलेल्या घोड्याला आज वेगवेगळ्या, उंचसखल, मऊ-कडक जमिनीवर उभे करतात, चालवतात, म्हणजे पाय कुठे पडतो आहे याचे भान त्याच्या अंगात परत येते. या उपचाराला आता यंत्रे आहेत, अभ्यासक्रम आहेत, फी आहे. अथेन्सच्या माणसाने चार गाड्या दगडांत भागवले होते.

झेनोफनच्याही हजार वर्षे आधी किक्कुली नावाचा एक माणूस होऊन गेला. तो मितन्नी देशचा. हित्ती राजांच्या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानातल्या बोअझकोयला, मातीच्या फलकांवर त्याचे घोडे तयार करण्याचे वेळापत्रक सापडले. काळ इसवी सनापूर्वीचे चौदावे शतक. रथाचे घोडे आज किती दौडवायचे, रात्री किती, चारा कधी, पाणी कधी, याची महिनोन्‌महिन्यांची दिवसवार नोंद त्यात आहे. घोड्याला घाम आला की झूल घालायची, मग झूल काढून त्याला धुवायचे, नदीवर न्यायचे. घेऱ्यांची मोजणी ऐक, तेर, पंझ, सत्त, ना अशी चालते. मराठी माणसाला हे आकडे शिकवावे लागणार नाहीत. या फलकांत मला विशेष वाटते ते असे की दौडीइतकीच जागा दौडीनंतरच्या निगेला दिली आहे. मेहनत आणि तिच्या मागची निगा हे एकच काम आहे, हे तेव्हाच ठरून गेले होते.

आपल्याकडे या विद्येचा मूळपुरुष शालिहोत्र. घोड्यांच्या वैद्याला मराठीत आणि हिंदुस्थानीत सालोत्री म्हणत, ते त्याच्याच नावावरून. पांडवांपैकी नकुल अश्वविद्येचा जाणकार. अज्ञातवासात विराटाच्या घरी तो ग्रंथिक या नावाने घोड्यांकडे राहिला. त्याच्या नावावर खपणारे अश्वशास्त्राचे ग्रंथ पुढे बरेच फिरले आणि त्यातला एक तंजावरच्या सरस्वती महालाने 1952मध्ये छापला. भोसल्यांच्या घराण्याने जोपासलेला हा ग्रंथसंग्रह, तेव्हा मराठी माणसाचा त्यावर थोडा हक्क आहेच.

या ग्रंथांपेक्षा मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला अश्वाध्यक्ष जवळचा वाटतो. तो काव्य करत नाही, हिशेब मांडतो. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, गंध आणि माळ. लांबच्या वाटेने आणि ओझ्याने दमलेल्या घोड्यांना अनुवासनबस्तीसाठी एक प्रस्थ स्नेह आणि नस्यासाठी एक कुडुब. पुढे नोकरांची यादी येते. दोर धरणारा, घोडे बांधणारा, वैरण घालणारा, चंदी शिजवणारा, ठाण राखणारा, केस कापणारा, विषवैद्य. कामात कसूर झाली तर त्या दिवसाचे वेतन कापायचे. वैद्यालाही सोडलेले नाही. त्याच्या हयगयीने रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या चुकीने जनावर दगावले तर त्याच्या किमतीइतका.

या यादीतच पुढच्या सगळ्या इतिहासाची वाटणी झालेली दिसते. औषध, बस्ती, नस्य, डाग हे वैद्याचे. ते ग्रंथांत गेले. पाठ चोळणे, पाय रगडणे, घाम पुसणे, दमलेल्या जनावराला हिंडवून थंड करणे हे नोकराचे. त्याला ग्रंथ कुठला! ते बापाकडून मुलाकडे, थोरल्या मोतद्दाराकडून धाकट्याकडे हातोहात गेले आणि ज्यांच्याकडे होते त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

शालिहोत्राची पुढे फारसीत भाषांतरे झाली, त्यातले एक इथेच दख्खनमध्ये, बहमनी दरबारात. फारसीतून 1788मध्ये कलकत्त्याला ते इंग्रजीत आले. अकबराच्या तबेल्याचा थाट अबुल फजलने आईन-इ-अकबरीत नोंदवला आहे. एका सईसाकडे बहुधा दोन घोडे. नालबंद, पाणक्या, झाडणारा असे सगळे पगारी. घोड्यांना दृष्ट लागू नये म्हणून धुरी घालणारा माणूससुद्धा पगारी. हसू येईल, पण रोज प्रत्येक घोड्यापाशी जाऊन थोडा वेळ उभा राहणारा आणखी एक माणूस त्यामुळे तबेल्याला मिळाला, हेही काही थोडके नाही.

आता आपल्या पागेकडे येऊ. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू ठेंगणे, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर लांब रपेट मारणारे. मराठ्यांचे घोडदळ त्याच्यावर उभे होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला सरकारी पागेतला मिळे. सभासदाने बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि खूर यांच्यासाठी माणूस आधी नेमायचा, बाकीचे मागाहून, असा तो क्रम. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई. तिथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेली ठाणी तयार ठेवायची आणि दसऱ्याला बाहेर पडायचे.

छावणीत काय काय बिघडू शकते ते शिवाजी महाराजांच्या चिपळूणच्या लष्कराला लिहिलेल्या पत्रात आहे. पत्र 1670च्या दशकातले, जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांच्या नावे. हे पत्र आपण रयतेच्या काळजीसाठी नेहमी वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण एकदा ते घोड्यांच्या बाजूने वाचावे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडे मरायला लागतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा रोख आहे. मग लोक कुणब्याच्या घरातून दाणा, गवत, लाकूड, भाजी उचलू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील. शेवटी आगीचा इशारा. कुणी आगट्या करील, कुणी चिलीम पेटवायला विस्तव नेईल, रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताच्या गंज्या जळतील, मग एक घोडा वाचणार नाही. राज्य उभारणाऱ्या माणसाला उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करावा लागतो. घोड्याची निगा म्हणजे काय याचे मराठीत याहून चांगले टिपण माझ्या वाचनात नाही.

पाठीची निगा तर घोडदळाला जीव की प्राण. घोड्याची पाठ लागली की स्वार पायउतार. रपेटीहून आल्याबरोबर खोगीर ओढून काढू नये, हा स्वारांचा जुना दंडक आहे. तंग सैल करावा, थोडे हिंडवावे, दबलेल्या कातडीत रक्त हळूहळू परतू द्यावे, मग खोगीर उतरवून पाठ चोळावी. एकदम दाब काढला तर पाठ सुजते, गाठी येतात. आणि काम नसलेल्या दिवशी घोड्याला ठाणबंद ठेवू नये. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर पोरासोरांनाही ठाऊक असते. न फिरवल्यामुळे. तेच उत्तर आज पशुवैद्यही देतात.

वैद्याच्या बाजूचे हुकमी हत्यार होते डाग. पाय लंगडला, शीर (स्नायू हाडाला बांधणारी कंडरा) सुजली, की तापलेल्या लोखंडाने रेघा किंवा ठिपके द्यायचे. जगभर ही रीत होती आणि युरोपातल्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही ती विसाव्या शतकापर्यंत शिकवत. समजूत अशी की डागाने त्या जागी रक्त धावते आणि आतली शीर घट्ट होते. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दुखावलेल्या पायांचा नीट अभ्यास केला आणि 1983मध्ये निष्कर्ष छापला की डागाने शीर बरी होण्याला काहीच मदत होत नाही. पुढे तिथल्या पशुवैद्यांच्या मंडळाने डागणे नीतिबाह्य ठरवले. मग इतकी शतके घोडे बरे कशाने होत होते? डागलेल्या घोड्यावर कुणी बसत नसे. जखम भरेपर्यंत महिनोन्‌महिने तो मोकळा असे आणि त्या मुदतीत शीर आपली आपण जुळून येई. वैद्याने दिलेल्या डागाचे श्रेय खरे तर विश्रांतीचे होते. आपल्या गावाकडे मात्र डाग देणारे अजून आहेत आणि त्यांच्याकडे जनावर नेणारेही.

हाताच्या बाजूने असा पुरावा मागायला कुणी गेले नाही, कारण त्याला कुणी उपचारच मानत नव्हते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात एका घोड्यामागे एक सईस आणि बरेचदा एक घसियारा असे. साहेबाच्या तबेल्यात माणसे पुष्कळ आणि मजुरी स्वस्त. दौडून आलेल्या घोड्याच्या अंगावर सईस तळहातांनी आणि कोपरापर्यंतच्या हाताने जोर लावून तासभर रगडत राही. विलायतेत ते काम गवताचा घट्ट वळलेला बोळा करी. तो ओलसर करून मांसल भागांवर ठरलेल्या तालात आपटायचा. पुढचा दणका येणार हे कळले की घोडा आपणहून स्नायू आवळतो, मग सोडतो. म्हणजे उभ्या जागी व्यायाम. हिंदुस्थानात फौजेत राहिलेला कॅप्टन होरेस हेज पुढे पशुवैद्य झाला. घोडे बाळगणाऱ्यांसाठी त्याने लिहिलेले पुस्तक 1877मध्ये निघाले आणि सुधारून सुधारून शंभर वर्षांहून अधिक काळ चालले.

दरम्यान माणसांच्या जगात हाताला पत मिळत होती. स्टॉकहोममध्ये 1813 साली पेर हेन्रिक लिंग याने व्यायाम आणि मर्दन यांची संस्था काढली. लंडनमध्ये 1894 साली मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्यांचा बोभाटा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी शिकलेल्या मालिशवाल्या बायकांची एक संस्था स्थापन केली आणि आपले काम त्या बदनामीतून सोडवून घेतले. पुढे दोन महायुद्धांतले जखमी सैनिक त्यांच्या हाताखालून गेले आणि 1944मध्ये तीच संस्था फिजिओथेरपीची सनदी संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्यांच्यापैकी एक जण घोड्याकडे वळला तो पोलोच्या वाटेने. पोलो मणिपुरातून आलेला खेळ. इंग्रजांनी तो तिथे पाहिला, 1859मध्ये सिल्चरला क्लब काढला आणि तिथून तो जगभर नेला. लॉर्ड माउंटबॅटन याचा नाद असा की 1931मध्ये त्याने टोपणनावाने पोलोवर पुस्तक लिहिले. राजघराण्यातल्या लोकांवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट चार्ल्स स्ट्राँग हा माउंटबॅटनचीही दुखणी बघत असे. माझ्या स्नायूंना जे करतोस ते माझ्या तट्टांना का नाही, असा तो सरळ हिशेब होता. स्ट्राँगने घोड्यांच्या स्नायूंना सौम्य विजेचे झटके देऊन ते तालात आवळवायला-सोडवायला सुरुवात केली आणि 1967मध्ये घोड्यांच्या दुखापतींवर पुस्तक लिहिले. गवताचा बोळा जे करत होता तेच त्याची पेटी करत होती. फरक इतकाच की ती नेमक्या एका स्नायूपर्यंत पोचत होती.

1980च्या दशकात ब्रिटनमध्ये प्राण्यांवर काम करणाऱ्या सनदी फिजिओथेरपिस्टांनी आपली वेगळी शाखा काढली. आधी माणसांचे शरीर शिकायचे, मग जनावराचे, आणि पशुवैद्याच्या संमतीवाचून हात लावायचा नाही. वैद्य आणि मोतद्दार यांच्यात कौटिल्यापासून जी भिंत होती, तिला हे पहिले दार पडले.

हातात खरेच काही आहे का, हे तपासणेही मग सुरू झाले. घोड्याच्या शरीराची ठेवण पाहिली की बरेच उलगडते. त्याला गळपट्टीचे हाड नाही. पुढचे पाय धडाला जोडलेले आहेत ते नुसत्या स्नायूंनी आणि वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर. म्हणून स्वार धसमुसळा असला की खांद्यामागचे आणि खोगिराखालचे स्नायू आधी आखडतात. गुडघ्याखाली जवळजवळ स्नायूच नाही, नुसत्या शिरा, हाडे आणि कातडी. तिथे रक्त जेमतेम पोचते, म्हणून ठाणबंद घोड्याचे पाय भरून येतात आणि चालवले की उतरतात. खालून वर हलक्या हाताने चोळले तर साचलेले पाणी सरकते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोजचा हात. डाव्या पायाच्या मानाने उजवा आज कोमट लागतो, हे यंत्राच्या आधी हाताला कळते. अर्थात पाय गरम आणि सुजलेला असेल तर तो रगडायचा नाही. गार पाण्याची धार धरायची, घोडा उभा ठेवायचा आणि डॉक्टरला बोलवायचे. इथे हौशी मालिश नुकसान करते.

फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्गच्या पाणथळीत राहणारे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, आणि बहुतेक वेळा मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यापुढे. फे आणि द माझिएर या दोघांनी नेमक्या त्याच जागी माणसाच्या हाताने खाजवून पाहिले आणि 1993मध्ये प्रसिद्ध केले की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. दुसऱ्या जागी तसे झाले नाही. नव्या घोड्याला चुचकारताना जुने मोतद्दार नाकाडाला सोडून मानेच्या बुडाशी हात का घालत, ते यातून कळते.

दुसरा अभ्यास गाजरांचा. घोड्याला गाजर दाखवत मान छातीशी आणवायची, मग दोन पुढच्या खुरांच्या मध्ये, मग एका बगलेला तंगापर्यंत, मग मागच्या पायाकडे. दर वेळी काही क्षण तसेच थांबवायचे. नॅरेल स्टब्ज, हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ घोड्यांकडून आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने हे करवून घेतले आणि 2011मध्ये दाखवून दिले की पाठीच्या कण्याला चिकटून असलेले, कणा सांभाळणारे खोलवरचे स्नायू जाड झाले. घोड्यावर कुणी बसले नाही, कुठले यंत्र लागले नाही. खर्च गाजरांचा. झेनोफनचे दगड आणि ही गाजरे एकाच घराण्यातली आहेत, असे मला वाटते.

हे सगळे कुणाच्या वाट्याला येते? शर्यतीच्या घोड्याच्या, पोलोच्या, ऐपतदार मालकाच्या. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे लाखांच्या बोली होतात. गिऱ्हाईक आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघते, देवमण आहे का, कुठला भोवरा खोटा. भोवऱ्यांना अश्वशास्त्राचा आधार आहे हे खरे, पण त्याच शास्त्रांत पायही आहेत, ते वाचायला कुणाला सवड नसते. घोडा नाचवून दाखवतात. खोगीर उतरवून पाठीवरून दोन्ही बाजूंनी सावकाश हात फिरवणारे गिऱ्हाईक क्वचित दिसते.

वरातीच्या घोडीला, वीटभट्टीवरच्या खेचराला, टांग्याच्या तट्टाला मोतद्दारही नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाच्या 2015च्या निकालानंतर बंद पडत गेल्या. निकाल घोड्यांच्या हालांमुळे लागला हे योग्यच झाले, तरी त्या धंद्यातल्या माणसांच्या हातात असलेली माहितीही त्याबरोबर विरली. कष्टाच्या घोड्यांसाठी काय करता येते याचा एक दाखला कैरोचा. डोरोथी ब्रुक ही बाई 1930मध्ये तिथे आली, तेव्हा पहिल्या महायुद्धातून मागे राहिलेले इंग्रजी फौजेचे घोडे म्हातारपणी गाड्या ओढताना तिला दिसले. तिने 1931मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिले, पैसे जमवून हजारो घोडे विकत घेतले आणि 1934मध्ये दवाखाना काढला. तिच्या नावाची संस्था आज भारतातही वीटभट्ट्यांवरच्या जनावरांसाठी काम करते. गाडीवानाचे घोडे हिसकावून घेण्यापेक्षा त्याला खूर साफ करायला, तंग नीट बसवायला आणि सावलीत पाणी पाजायला शिकवावे, हा तिथला मार्ग मला पटतो. कारण रोज सकाळी त्या घोड्याजवळ जाणारा माणूस तोच आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची घोड्याशी गाठ पडते ती माथेरानला नाहीतर महाबळेश्वरला, सुटीत. तेव्हा पुढच्या खेपेला बसण्याआधी घोडेवाल्याला खोगीर क्षणभर उचलून दाखवायला सांगा. खाली ओली जखम, केस गेलेली जागा किंवा सूज असेल तर दुसरा घोडा घ्या आणि तसे त्याला मोकळेपणी बोलून दाखवा. पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर ती जुन्या लागलेल्या पाठीची खूण असते. वजनाचाही विचार करा. अमेरिकेत आठ घोड्यांवर केलेल्या आणि 2008मध्ये छापलेल्या एका प्रयोगात घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भार ठीक गेला. पंचवीस आणि तीस टक्क्यांना स्नायू दुखू लागले. तट्टू अडीचशे किलोचे असेल तर खोगिरासकट पन्नास किलो झाले. तुमचे वजन याच्या वर असेल तर तट्टावर पोराला बसवा आणि तुम्ही शेजारून पायी चला.